करवत माशाचे माहेर

(किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



किनाऱ्यावरच्या आपल्या कामात सागरी सुरक्षेचा, बंदरांचा, मच्छिमार बांधवांच्या कर्जाचा आणि घरांचा विचार नेहमी होतो, आणि तो व्हायलाच हवा. आज मात्र एका माशासंबंधी बोलायचे मी ठरवले आहे. एवढे महत्त्वाचे प्रश्न समोर असताना एका माशासाठी तास खर्च करावा काय, असे कोणाच्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, हा मासा वाचवण्याचा मार्ग शोधू लागलो, की नदी, खाडी, समुद्र, कायदा आणि दर्यावर जाणारा माणूस हे सारे एकाच सूत्रात ओवलेले दिसतात. या सूत्राची गाठ कोठे सुटली आणि ती कोणी बांधायची, हा आजचा विषय आहे.

हा मासा म्हणजे करवत मासा. डोक्यापुढे लांब, चपटी पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना दातांची रांग. सुताराची करवत उलटी धरावी तसे त्याचे रूप असते. पूर्ण वाढलेला मासा सहा मीटरांच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. आकार पाहून अनेक जण त्याला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या जातीचा समजतात. वास्तविक तो पाकटाचा भाऊबंद आहे. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी शरीराच्या बाजूला असतात, तर पाकटाच्या आणि करवत माशाच्या पोटाकडे. या सर्व कुळांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या शरीरात हाड नाही. सारा सांगाडा कूर्चेचा असतो.

अस्थिहीन माशाला अभय

येथे इतिहासातील एका नोंदीचे स्मरण करून देतो. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर सम्राट अशोकाने कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. त्या यादीत ‘अनठिकमच्छ’, म्हणजे अस्थी नसलेला मासा, असा स्पष्ट उल्लेख येतो. ‘संकुजमच्छ’ असे आणखी एक नाव येते आणि काही अभ्यासक त्याचा अर्थ पाकटाच्या कुळातील मासा असा लावतात. गाभण आणि दुभत्या शेळ्या-मेंढ्यांनाही त्याच लेखात अभय आहे. ठराविक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, असाही निर्बंध आहे. त्याआधीच्या परंपरेकडे वळलो, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाच्या प्रकरणात, राज्याने अभय दिलेल्या पशू, पक्षी आणि माशांची हत्या करणाऱ्यास दंड सांगितला आहे.

आपल्या पूर्वजांना आजचे जीवशास्त्र ठाऊक होते, असा दावा मला करायचा नाही. तसे दावे करून आपण परंपरेचा सन्मान वाढवत नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की जलचरांना अभय देणे, विणीच्या काळात मादीला जपणे आणि काही दिवस जाळे आवरणे ही कल्पना या भूमीला परकी नाही. ती आपल्याच राज्यव्यवहारातली आहे.

कोठे होता, कोठे उरला

करवत माशाच्या जगात एकूण पाच जाती आहेत. त्यांपैकी भारतीय समुद्रात प्रामुख्याने तीन नोंदल्या गेल्या: मोठ्या दातांचा करवत मासा, हिरवा करवत मासा आणि अरुंद करवतीचा मासा. पश्चिम किनारा, पूर्व किनारा, गंगेच्या मुखाचा सुंदरबनचा प्रदेश अशा सर्व ठिकाणच्या जुन्या नोंदी उपलब्ध आहेत. ओडिशातील महानदीत तो खाऱ्या पाण्याची सीमा ओलांडून आतपर्यंत जात असे.

भारताबाहेर मोठ्या दातांच्या या जातीचा विस्तार थक्क करणारा होता. पूर्व आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर आणि मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर तो आढळे. आज त्याचा खरा भक्कम आधार उत्तर ऑस्ट्रेलियातील नद्या आणि खाड्या एवढाच उरला आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडाजवळ आणि बहामा बेटांजवळ त्याची लहान दातांची भावकी तग धरून आहे. जगातील सुमारे ९० देशांच्या किनाऱ्यांवर करवत मासे नांदत असत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक देशांतून त्यांची किमान एक जात नाहीशी झाल्याचे मानले जाते. आपल्या शेजारच्या श्रीलंकेतही आता त्याचे दर्शन जवळजवळ होत नाही. मोठ्या दातांच्या जातीची गणना जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात होते. वन्य अवस्थेतून नामशेष होण्यापूर्वीची ती शेवटची पायरी आहे.

पश्चिम आफ्रिकेतील आठ देशांच्या सामाईक मध्यवर्ती बँकेचे बोधचिन्ह करवत मासा आहे. तेथील लोकपरंपरेत तो समृद्धीचे प्रतीक मानला गेला. आज तो मासा तेथील नोटेवर सहज भेटतो, समुद्रात भेटत नाही. प्रतीक जपले आणि जीव गमावला, अशी ही अवस्था आहे. वाघाच्या आणि हत्तीच्या मूर्तींपुढे हात जोडणाऱ्या आपल्या समाजानेही तिच्यापासून बोध घ्यावा.

वीण : सारे मर्म येथे आहे

या ऱ्हासाचे कारण समजण्यासाठी त्याची वीण समजून घ्यावी लागते. आपल्या नित्य परिचयाचे बांगडा आणि तारली हे मासे हजारोंनी अंडी घालतात. एका वर्षी फार मासेमारी झाली, तरी पुढे पाऊसपाणी अनुकूल लाभले तर त्यांची संख्या सावरू शकते. करवत माशाचे तसे नाही. त्याची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. पिल्ले मातेच्या उदरात अंड्यातील पिवळ्या बलकावर वाढतात. गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. एका वेळी एकापासून तेरापर्यंत पिल्ले होतात. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवरात झालेल्या अभ्यासात सरासरी सातच्या आसपास आढळली आणि तेथील मादी एक वर्षाआड वीत असल्याचे दिसले. जन्मतःच पिल्लू पाऊण मीटरच्या आसपास असते आणि करवतही त्याच्या डोक्यापुढे तयार असते. मग ती मातेला इजा करीत नाही काय? निसर्गाने त्याचीही व्यवस्था केली आहे. जन्माच्या वेळी करवतीवर मऊ, चिकट आवरण असते आणि ते नंतर गळून पडते.

पिल्ले नदीच्या मुखाशी जन्मतात आणि तेथून प्रवाहाविरुद्ध गोड्या पाण्यात चढतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील फिट्झरॉय नदीत ती समुद्रापासून ३०० किलोमीटरहून अधिक आत गेलेली आढळली आहेत. चार-पाच वर्षे नदी हेच त्यांचे पाळणाघर असते. पुढे ती समुद्राकडे वळतात आणि प्रजननक्षम व्हायला त्यांना आठ-दहा वर्षे लागतात. ऑस्ट्रेलियातील जनुकीय अभ्यासातून असे दिसले, की नर दूरवर फिरतात, परंतु मादी विणीसाठी आपल्या जन्मप्रदेशाकडेच परतते. आपल्या भाषेत सांगायचे, तर ती बाळंतपणाला माहेरी येते.

महाभारतातील वनपर्वात मत्स्याची कथा आहे. मनूच्या हाती आलेला चिमुकला मासा आधी घड्यात, मग तळ्यात, नंतर गंगेत आणि अखेर सागरात नेऊन सोडावा लागतो. कथेचा हेतू वेगळा आहे, हे मी जाणतो. परंतु नदीत वाढून सागराला मिळणाऱ्या या माशाचे चरित्र वाचताना ती आठवल्यावाचून राहत नाही. त्या कथेत आधी मनू माशाला वाचवतो आणि मग मासा मनूला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आता हिशेब मांडून पाहा. आठ-दहा वर्षांनी पहिली वीण, एका वेळी सात पिल्ले आणि त्यांतली बरीचशी मगरी व मोठ्या मुशी यांच्या तोंडी जाणार. गृहस्थ व्याजावर संसार चालवतो, तेव्हा ठेव शाबूत राहते. करवत माशाच्या बाबतीत व्याज इतके अल्प आहे, की प्रौढ मादी मारली म्हणजे थेट मुद्दलालाच हात घातला जातो. निकाराग्वा सरोवरात नेमके हेच घडले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे व्यापारी मासेमारी झपाट्याने वाढली आणि अवघ्या काही वर्षांत मासा दिसेनासा झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी बंदी आली. त्याला चार दशके उलटली, तरी पूर्वीची संख्या परतलेली नाही.

वैर कोणाचेच नाही, तरीही

वाघाला शिकारी मारतो, गेंड्याला शिंगाचा तस्कर मारतो. करवत माशाचा असा एकच शत्रू दाखवता येत नाही. त्याच्या परांना आणि करवतीला परदेशी बाजारात मोल आले, हे खरे. परंतु मुख्य घात केला तो दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांनी.

त्याची करवत हे विलक्षण इंद्रिय आहे. तिच्यावर विद्युत्संवेदना टिपणारी हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. गढूळ पाण्यात, अंधारात, भक्ष्याच्या हालचालीतून उमटणारे क्षीण विद्युत्क्षेत्रही त्याला जाणवते आणि करवतीच्या एका फटक्यात तो भक्ष्याला लोळवतो. हेच शस्त्र नायलॉनच्या जाळ्यात शिरले, की दात अडकतात आणि जितकी धडपड करावी तितका गुंता वाढतो. सुताची जाळी जाऊन नायलॉन आले, शिडे जाऊन इंजिने आली, ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडू लागले. या बदलांनी मच्छिमारांच्या घरात चार पैसे आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारा हा मासा त्यात सर्वांत आधी सापडला.

दुसरा घाव नदीवर बसला. बंधाऱ्यांनी पिल्लांची वाट अडते. कांदळवन तोडून भराव टाकला, की खाडीतला आसरा जातो. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी मुखाशी साचते. फिट्झरॉय नदीवरील अभ्यास असे सांगतो, की ज्या वर्षी पावसाळी पूर भरपूर येतो, त्याच वर्षी पिल्ले मोठ्या संख्येने नदीत शिरतात. तेथेच डिसेंबर २०१८ मध्ये आटत चाललेल्या एका डोहात ४० हून अधिक करवत मासे मेले. पावसाळ्यावर जगणाऱ्या आपल्यासारख्या देशाला यातील अर्थ वेगळा सांगायला नको. नदीचे पाणी समुद्राला मिळणे म्हणजे पाणी वाया जाणे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. ते पाणी खाडीतल्या अनेक माशांची वीण जगवते, आणि आपल्या कोळी बांधवांची चूलही.

कायदा आहे, पण धक्क्यावर कोण आहे?

भारताने २००१ मध्ये करवत माशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो वाघाच्या पंक्तीला बसला. २००७ आणि २०१३ च्या निर्णयांनी त्याच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी झाली. २०१५ मध्ये भारताने शार्कच्या परांची निर्यातही थांबवली. कागदावर उणीव फारशी नाही.

आता व्यवहार पाहू. मार्च २०२१ मध्ये कर्नाटकातील मलपे बंदरात एक अवाढव्य करवत मासा जाळ्यात येऊन धक्क्यावर आला. त्याची छायाचित्रे सर्वत्र फिरली, बघ्यांची गर्दी झाली. कायदा होऊन तोवर वीस वर्षे झाली होती. यात त्या मच्छिमारांना दोष देणे सोपे आहे आणि म्हणूनच ते टाळावे. रात्रभर दर्यात राबलेल्या तांडेलाचे जाळे ओढले जात आहे. त्यात हा प्रचंड जीव तडफडतो आहे. करवतीचा एक फटका खलाशाचा पाय फोडू शकतो. मासा जिवंत सोडायचा तर जाळे कापावे लागणार, म्हणजे हजारोंचे नुकसान. सोडला नाही तर कायद्याचा भंग. किनाऱ्यावर आणून खरे सांगितले, तरी चौकशीचा धाक. अशा वेळी गप्प राहून तुकडे करणे हाच मार्ग सोयीचा वाटला, तर मासाही जातो आणि त्याची नोंदही जाते.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. दुसरीकडे, महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या योजनेत, संरक्षित सागरी जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छिमाराला कमाल २५ हजार रुपये भरपाईची तरतूद झाली. कासवे, डॉल्फिन आणि व्हेल शार्क यांची सुटका करणाऱ्या बांधवांना तिचा लाभ मिळाला. दंडाचा आकडा सर्वांना भीतीपोटी ठाऊक असतो. भरपाईचा आकडा वाड्यावस्त्यांवर किती जणांना ठाऊक असतो? शासनाचा दंड किनाऱ्यापर्यंत पोहोचतो, आधार मात्र वाटेत अडकतो. हे अंतर भरून काढणे हे समाजाचे, म्हणजे आपले काम आहे.

गुजरातचा धडा

हे शक्य आहे, याचा पुरावा शेजारच्या सौराष्ट्रात आहे. वेरावळ आणि आसपासच्या बंदरांत एकेकाळी व्हेल शार्कची बेसुमार शिकार होत असे. माइक पांडे यांच्या २००० च्या माहितीपटाने ती जगासमोर आणली आणि २००१ मध्ये या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण मन बदलले ते २००४ च्या मोहिमेने. वन्यजीव क्षेत्रातील संस्था, राज्याचा वनविभाग आणि उद्योगसमूह एकत्र आले, आणि कथाकार मोरारीबापूंनी मच्छिमारांना साद घातली: ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, तिच्यावर शस्त्र कसे उगाराल? माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव मिळाले. ज्या हातांनी भाला मारला, तेच हात स्वतःचे जाळे कापू लागले. तेव्हापासून ९०० हून अधिक व्हेल शार्क तेथे सुटले आहेत.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, कायद्याला जे साधले नाही ते समाजाच्या श्रद्धेच्या भाषेने साधले. दुसरी, केवळ श्रद्धेवर काम सोडले नाही, कापलेल्या जाळ्याची भरपाईही दिली. भावनेला व्यवस्थेची जोड मिळाली. आपल्या कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला कासवांच्या घरट्यांचे काम २००२ पासून उभे केले, तेही गावाला सोबत घेऊनच. करवत माशाच्या बाबतीत तर माहेरची उपमा ही उपमाही उरत नाही. ती मादी खरोखरच माहेरी येते.

आपण काय करू शकतो

चार कामे सुचवतो. मच्छिमार सोसायट्यांच्या बैठकांत या माशाचे चित्र, सुटकेची सुरक्षित पद्धत आणि भरपाईची माहिती मराठीतून पोहोचवावी. त्यात मुख्य सूचना अशी, की मासा शक्यतो पाण्यातच ठेवावा, करवतीपासून दूर राहून जाळे कापावे आणि भ्रमणध्वनीवर चित्रण करावे. भरपाईच्या अर्जाला तो पुरावा लागतो. हे दुसरे काम: अर्ज भरण्यापासून रक्कम मिळेपर्यंत कार्यकर्त्याने त्या कुटुंबासोबत उभे राहावे. तिसरे, वृद्ध दर्यावर्दींच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कोणत्या खाडीत, कोणत्या महिन्यात, केवढा करवत मासा पाहिला, ही माहिती कोणत्याही ग्रंथालयात नाही. ती त्यांच्याबरोबर लोपेल. या आठवणी संशोधन संस्थांना द्याव्यात. चौथे काम शहरातील कुटुंबांचे. करवत शोभेची वस्तू म्हणून विकत घेऊ नये, विकू नये. जुनी घरात असेल तर वनविभागाला कळवावे. आणि आपल्या गावच्या खाडीवर भराव पडताना शांत बसू नये.

नारळी पौर्णिमेला आपला कोळी समाज दर्याला नारळ अर्पण करतो. ते अर्पण केवळ विधी नाही, घेतल्याच्या बदल्यात काही देण्याची ती कबुली आहे. जाळे कापून एक मादी सोडणारा तांडेल तीच कबुली प्रत्यक्षात आणतो. अशा तांडेलाचा सत्कार ज्या दिवशी आपल्या गावच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडपात होऊ लागेल, त्या दिवशी २००१ चा कायदा खऱ्या अर्थाने किनाऱ्याला लागला असे मी म्हणेन. या वर्षी आपल्यापैकी प्रत्येकाने एका बंदरावर जावे, एका सोसायटीशी बोलावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.